प्लेगचा धडा आणि एक सही

गेल्या महिन्यात माळ्यावरचं सामान आवरताना माझी एक जुनी टाचणवही सापडली. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पहिली काही वर्षं टाचणं मन लावून काढायचो, पुढे पुढे तीच उतरवून काढायचो (हे आता कबूल करायला हरकत नाही). तर या वहीत इयत्ता आठवीच्या एका तासाचं टाचण आहे. घटक : सशस्त्र क्रांतिकारक चळवळ. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'रँडचे अत्याचार, ५ मिनिटे. चापेकर बंधू, १५ मिनिटे. गोंद्या आला रे, मुलांकडून म्हणून घेणे.' आणि सगळ्यात वर, प्रस्तावना म्हणून एकच ओळ : 'पुण्यात प्लेगची साथ.'

बस्. ज्या साथीत या देशात पुढच्या पंचवीस वर्षांत कोटीभर माणसं मेली, तिला माझ्या टाचणात तीन शब्द.

माझा तो तास गाजायचा, हे मात्र खरं. मी वर्गाची दारं लावून घ्यायचो. आवाज हळू करायचो. गणेशखिंडीचा रस्ता, डोंगरावर पेटवलेल्या होळ्या, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी, अंधारात उभी असलेली दोन पोरं... आणि मग एकदम चाळीस मुलं ओरडायची, 'गोंद्या आला रे!' शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून जायचे. १९७९ साली '२२ जून १८९७' हा चित्रपट आला, त्यानंतर तर मुलांना प्रसंग डोळ्यांसमोर दिसायला लागला. आमच्या भागाला रँड आणखी जवळचा. प्लेगच्या आधी तो सातारा जिल्ह्यातच अधिकारी होता. १८९४ साली वाजंत्रीच्या तंट्यावरून त्याने वाईतल्या काही प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात धाडलं होतं. 'पुण्याला जायच्या आधी तो आपल्याकडे होता बरं का!' असं मी सांगितलं की मुलं ताठ बसायची.

हा तास पुन्हा तपासून बघायची वेळ माझ्यावर २०२० साली आली. ती का आली ते पुढे सांगतो. आधी प्लेगचं सांगतो, कारण ते शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलंय.

प्लेग मुंबईत आला १८९६च्या पावसाळ्याअखेर. मांडवी भागात. गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबरात तो ओळखला. आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत, वर्तमानपत्रांत 'ग्रंथिक सन्निपात' असा भारदस्त शब्द यायचा. आठ लाखांवर वस्तीची मुंबई, त्यातली जवळजवळ निम्मी माणसं पाच-सहा महिन्यांत शहर सोडून पळाली. रेल्वेने, गलबतांनी, पायी. कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी. त्यांच्याबरोबर रोगही निघाला. माझी आजी सांगायची, घरात उंदीर पडला की अख्खं गाव माळावर जाऊन झोपड्या बांधून राहायचं. 'उंदीर पडला' हे दोन शब्द ती अशा आवाजात उच्चारायची की आम्ही मुलं आढ्याकडे बघायचो. बाहेरगावाहून आलेल्याला वेशीच्या आत घ्यायचं नाही, मग तो पोटचा मुलगा असला तरी, असंही ती सांगायची. तेव्हा मला ते अतिशयोक्तीचं वाटायचं.

सरकारही घाबरलेलं होतं. युरोपातली बंदरं हिंदुस्थानचा माल नाकारतील या भीतीने जास्त. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगांचा कायदा झाला. उण्यापुऱ्या चार कलमांचा कायदा, पण अधिकार असे की घरात शिरा, तपासा, माणूस उचला, सामान जाळा. (हाच कायदा मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने पुन्हा बाहेर काढला. एकशे तेवीस वर्षांचा म्हातारा कायदा, पण दात शाबूत!)

लोकांची भीती वेगळी होती. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथे माणसांना उलटं टांगून त्यांचं तेल काढतात, मोमियाई करतात, अशी अफवा मुंबईभर होती. ऑक्टोबर १८९६मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर हजारेक गिरणी कामगार चालून गेले. मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत झडतीचं पथक गेलं. घरात बारा वर्षांची मुलगी आजारी, आणि तिला तपासायला पुढे झाला तो वैद्यकाचा एक विद्यार्थी. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली आणि बघता बघता दंगल पेटली. मला या प्रसंगातला तो विद्यार्थी फार दिसतो. वय किती असेल? वीस-बावीस. पुस्तकातलं शास्त्र नुकतंच शिकलेला. आपण या मुलीच्या भल्यासाठीच आलोय याची त्याला पक्की खात्री. आणि दारात उभा असलेला बाप, ज्याला समोर फक्त आपल्या मुलीला हात लावायला निघालेला एक परका पुरुष दिसतोय. दोघंही खोटे नव्हते.

आता पुण्याकडे येतो.

रँड फेब्रुवारी १८९७च्या मध्याला पुण्यात आला. त्याच्या प्लेग समितीने काम सुरू केलं १३ मार्चला आणि संपवलं १९ मेला. झडतीला गोरे सोजीर. जोड्यांसकट स्वयंपाकघरात, देवघरात शिरणं, बायकांना रस्त्यात उभं करून तपासणं, रोग्याच्या घरातलं सामान बाहेर काढून जाळणं, घरच्यांना वेगळं काढून छावणीत ठेवणं, अशा तक्रारी गावभर होत्या. टिळक तेव्हा पुण्यातच होते. पुष्कळ पुढारी गाव सोडून गेले. टिळक राहिले, त्यांनी हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं रुग्णालय उभं करण्यात पुढाकार घेतला आणि पळून गेलेल्यांना 'केसरी'तून सुनावलं. रोगी शोधून वेगळा करायला हवा, हे त्यांना मान्य होतं. तो ज्या तऱ्हेने शोधला जात होता त्याचा त्यांना संताप होता. हा फरक मी वर्गात कधी सांगितला नाही. आठवीच्या मुलांना कळणार नाही, असं मी मनाशी म्हणायचो. खरं म्हणजे त्याने गोष्ट थंड झाली असती.

आणि चापेकर. दामोदर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, बाळकृष्ण चोविशीच्या आसपास, वासुदेव तर सतरा-अठराचा. चिंचवडच्या हरिदासाची मुलं. बापाबरोबर गावोगाव कीर्तनाला जायची, मागे उभं राहून साथ करायची. २२ जूनच्या रात्री रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर १८ एप्रिल १८९८ला फासावर गेला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी फितूर द्रविड बंधूंना मारलं, आणि १८९९च्या मे महिन्यात पाच दिवसांत तिघं फासावर चढले. एका आईचे तीन मुलगे. हे सांगताना माझा आवाज दाटून यायचा आणि तो नाटकी नव्हता. आजही येतो.

पण दामोदरने तुरुंगात स्वतःची हकीकत लिहून ठेवलीय, ती मी पुरती वाचली निवृत्तीनंतर. तिथला दामोदर माझ्या टाचणातल्यापेक्षा जास्त खरा आहे, आणि जास्त अवघड. इंग्रजाइतकाच, काही वेळा त्याहून जास्त, त्याचा राग सुधारकांवर आहे. धर्म बुडवणाऱ्या आपल्याच लोकांवर. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं ते प्लेगच्या झडत्या सुरू व्हायच्या आधी, १८९६ साली. म्हणजे हा मुलगा प्लेगने घडवलेला नाही, तो आधीच तयार होता. तो ज्या पुण्यात वाढला तिथे १८९५ साली काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायची नाही यावरून एवढं रण माजलं, की न्यायमूर्ती रानड्यांना ती परिषद दुसरीकडे हलवावी लागली. कोणी कोणाला शिवायचं, विधवेने लग्न करायचं की नाही, मुलीने किती शिकायचं, यावर त्या पिढीतली पोरं एकमेकांची डोकी फोडायला तयार होती. अशा गावात प्लेग आला. त्याने काय केलं? परक्याचा हात थेट चुलीपर्यंत आणून पोचवला. दामोदरसारख्याला तो हात सहन होणं शक्यच नव्हतं. सोजीर नसते आणि हात एखाद्या खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाचा असता, तरी त्याला तो सोसला नसता. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

स्पर्शाचा प्रश्न सरकारलाही कळला होता. मुंबईत पुढे जातीजातींना आपापली प्लेगची रुग्णालयं काढायची परवानगी मिळाली. पुण्यातही हिंदूंचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं. मरायला टेकलेला माणूससुद्धा आपल्याच माणसांत निजला पाहिजे. रोगाला जात नव्हती, खाटेला होती.

आणि आता, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय तो मुलगा.

त्याचं नाव यशवंत. दामोदरपेक्षा थोडा लहान, पंचविशीच्या आतला. डॉक्टर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचा दत्तक मुलगा. जन्माने एका ब्राह्मण विधवेचा. ती जीव द्यायला निघाली होती, फुल्यांनी तिला आपल्या घरी बाळंत होऊ दिलं आणि तिचं मूल आपलं म्हणून वाढवलं. म्हणजे चापेकर ज्या समाजाची अब्रू राखायला निघाले, त्याच समाजाने ज्याला जन्माआधीच नाकारलं तो हा मुलगा. त्याचं लग्न हडपसरच्या ससाण्यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झालं. जोतीराव १८९० साली गेले. प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. मायलेकांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना मांडला. गावाबाहेर, मोकळ्या हवेत.

मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा पोरगा प्लेगने आजारी पडला. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणून पोचवलं. तो पोरगा वाचला. त्यांना रोग लागला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या.

१० मार्च. आणि रँडच्या समितीचं काम सुरू झालं १३ मार्चला. मधे तीन दिवस!

एकतीस वर्षं मी या दोन्ही गोष्टी शिकवल्या. पण सावित्रीबाई 'समाजसुधारणा' या घटकात आणि चापेकर 'सशस्त्र क्रांती'त. दोन घटकांमधे दिवाळीची सुट्टी यायची. एकच गाव, एकच साथ, एकच महिना, हे ना मला सुचलं ना पुस्तकाला. यशवंताचं नाव तर मी वर्गात कधी घेतल्याचंच आठवत नाही. आईच्या मागे तो डॉक्टरी करत राहिला आणि १९०५-०६च्या सुमारास प्लेगनेच गेला. त्याच्यासाठी कोणी दारं लावून घेऊन आवाज हळू केला नाही.

मला इथे कोणाला पाडून कोणाला चढवायचं नाही. एकाच घरात दोन्ही गोष्टी नांदलेल्याही दिसतात. चापेकर फाशी गेल्याचं ऐकून भगूरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या विनायक सावरकरांनी देवीपुढे शपथ घेतली, हे आपण सगळे जाणतो. त्याच १८९९ साली त्यांचे वडील प्लेगने गेले, चुलते गेले, भावांनाही प्लेग झाला आणि ते थोडक्यात वाचले. नाशकात मित्रमेळा निघाला तो या पोरकेपणातूनच. आणि मित्रमेळ्यातली पोरं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत, ज्याला कोणी खांदा देत नाही अशा प्रेताला खांदा देत. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ साली प्लेगनेच गेला. अण्णा कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम पुण्यातून हिंगण्याच्या माळावर नेला, त्यामागेही प्लेग होताच. विधवा मुली शहरापासून दूर एका झोपडीत शिकायला लागल्या.

आणखी एक माणूस मला या निमित्ताने नव्याने कळला. गोपाळ कृष्ण गोखले. वय एकतीस, फर्ग्युसनमधले तरुण प्राध्यापक. १८९७ साली ते विलायतेत होते. पुण्याहून गेलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं, की सोजिरांनी बायकांवर अत्याचार केले. पुरावे मागितले गेले. पत्र लिहिणारे पुढे येईनात. परत आल्यावर गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि पत्र लिहिणाऱ्यांची नावंही सांगितली नाहीत. पुण्यातल्या तरुण मंडळींत त्यांची छीथू झाली. भित्रा, मवाळ, सगळं म्हणून झालं. आणि पुढच्या साथीत हाच माणूस स्वयंसेवक घेऊन घरोघर हिंडताना दिसतो. ज्या गल्ल्यांत त्याच्या पाठीवर लोक हसत होते त्याच गल्ल्यांत, आजाऱ्यांच्या दारात. माझ्या टाचणात गोखले 'मवाळ नेते, २ गुण'.

तरुणांचंच म्हणायचं तर त्याच काळातला राजकोटचा एक प्रसंगही सांगायला हवा. आफ्रिकेतून सहा महिन्यांसाठी आलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक बॅरिस्टर, मोहनदास गांधी, मुंबईत प्लेग आल्याचं ऐकून राजकोटच्या स्वच्छता समितीत दाखल झाला. समितीने घरोघरचे संडास बघायचं ठरवलं. आत्मकथेत ते सांगतात, गरिबांनी खळखळ केली नाही, बड्या घरांनी केली, आणि सगळ्यात घाण बड्यांकडेच निघाली. अस्पृश्यांच्या वस्तीत जायचं म्हटल्यावर समितीतला एकच सभासद बरोबर यायला निघाला. तिथे गेले तर घरं सारवलेली, चार भांडी पण लख्ख! संडास मात्र नाहीत, कारण ते त्यांच्या वाट्याला आलेलेच नव्हते. गांधींचं पुढचं सगळं राजकारण त्या संडासांपासून सुरू झालं असं मी म्हणणार नाही, पण बाकीचे सभासद का थांबले याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांनाही घरी म्हातारी माणसं असतील. त्यांच्याकडेही कारणं असतील.

कारणं माझ्याकडेही होती.

मी निवृत्तीनंतर पुण्यात मुलाकडे राहतो. २२ मार्च २०२०च्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांनी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या. डॉक्टर आणि परिचारिकांच्या सन्मानार्थ. मीही पळी घेऊन वाजवली. नात व्हिडिओ काढत होती, तो अजून तिच्या फोनमध्ये आहे. आमच्या वरच्या मजल्यावर तीन मुली भाड्याने राहायच्या. तिघी परिचारिका. वय तेवीस-चोवीस. मराठवाड्याकडच्या, बोलण्यावरून कळायचं. जिन्यात भेटल्या की 'काका, बरंय ना?' म्हणायच्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर चर्चा सुरू झाली, की या मुली रोज कोविडच्या वॉर्डातून येतात, लिफ्टला हात लावतात, सोसायटीत ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत. मग एक कागद फिरला. 'सदर सदनिकेतील भाडेकरूंनी परिस्थिती निवळेपर्यंत अन्यत्र राहण्याची व्यवस्था करावी ही विनंती.' मजकूर अत्यंत सभ्य होता. तो लिहिला होता तिशीतल्या एका सुशिक्षित तरुणाने, म्हणजे हा काही आम्हा म्हाताऱ्यांचाच प्रताप नव्हे. मी सही केली. पंधरावी की सोळावी सही माझी होती.

दोन दिवसांनी सकाळी त्या बॅगा घेऊन खाली उतरल्या. त्यांच्या रुग्णालयाची गाडी आली होती. मी गॅलरीत होतो. एकीने वर पाहिलं आणि सवयीने मान हलवली.

नात तेव्हा बारावीत होती. संध्याकाळी म्हणाली, "आबा, तुम्ही पण सही केली?"

म्हटलं, "अगं, आजीला दमा आहे."

"मग थाळी कशाला वाजवली?"

मी काही बोललो नाही. तीही दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग एकदा जेवताना सहज विचारावं तसं तिने विचारलं, की तुम्ही तो गोंद्याचा धडा इतका रंगवून सांगता, तर त्या वेळी सोजीर आपल्या घरी आले असते तर आपण पेशंट लपवला असता का? आणि दुसऱ्याच्या घरी पेशंट असता, तर सोजिरांना सांगितलं असतं का? मी म्हटलं, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. ती म्हणाली, "नाही आबा, आपण दोन्ही केलं असतं."

एकतीस वर्षांत मला वर्गात असा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर मी बहुधा त्याला खाली बसवलं असतं.

त्या वर्षी सगळीच तरुण पोरं माझ्या नातीसारखी वागली असं मुळीच नाही. आमच्या गावाकडे वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून दिवसरात्र पहारा करत बसलेली पोरं माझ्याच विद्यार्थ्यांची मुलं होती. माझा एक पुतण्या स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात पेठेत राहायचा. मेस बंद झाली म्हणून कसाबसा गावी पोचला, तर त्याच्या बरोबरीच्या पोरांनीच त्याला चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवलं. त्याची आई लांबून ताट ठेवून जायची. आजीची गोष्ट आठवली! आणि त्याच पोरांतल्या दोघांनी पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, घरचे जवळ जायला तयार नव्हते अशा दोन म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वर्षभरापूर्वी हातात काठी होती तीच पोरं. काय बदललं मधे? मी त्यातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "काय नाय सर, पहिल्या वर्षी टीव्ही बघत होतो. दुसऱ्या वर्षी माणसं वळखीची होती."

आम्ही कागदावर सही केल्यावर दोनेक आठवड्यांत, २२ एप्रिलला, केंद्र सरकारने अध्यादेश काढून त्या १८९७च्या कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला किंवा त्यांचा छळ करणाऱ्याला शिक्षा. राहत्या जागेवरून त्यांना त्रास देणंही त्यात आलं. ज्या कायद्याखाली रँडचे सोजीर घरात शिरले, तोच कायदा आता घरातून काढल्या जाणाऱ्या मुलींना आडोसा द्यायला निघाला. आमच्या सोसायटीत त्याच्यावर चर्चा झाली नाही. कागद कोणी पुन्हा काढला नाही. त्या मुलीही परत आल्या नाहीत. जून-जुलैत जागेला दुसरे भाडेकरू आले.

टाचणवही सापडली त्या दिवशी मी ठरवलं, की एकदा नवं टाचण काढायचं. वर्ग नाही, मुलं नाहीत, पण काढायचं. पहिली ओळ प्लेगची. मग १० मार्च, मग १३ मार्च, मग २२ जून. यशवंताला पंधरा मिनिटं. चापेकरांची पंधरा तशीच ठेवली, त्यातलं मिनिटभरही काढवेना. गोखल्यांना पाच. एका तासात बसत नाही, दोन तास लागतील.

आणि शेवटी, चाळीस मिनिटं उरली तर सांगावी म्हणून, आमच्या जिन्यातली गोष्ट. ती लिहायला घेतली तर त्या तिघींची नावं आठवेनात. एकीचं सुद्धा नाही. तीन वर्षं त्या आमच्या डोक्यावर राहत होत्या. नातीला विचारलं, तिला एकीचं टोपणनाव तेवढं माहीत होतं. मग मी खाली सेक्रेटरींकडे गेलो आणि २०२०ची नोंदवही मागितली. त्यांनी कपाटातून काढून दिली, काय शोधताय म्हणून विचारलंही नाही. पान सापडलं. मुलींच्या नावांच्या जागी 'वरील मजल्यावरील भाडेकरू (३)' एवढंच होतं. खाली सह्या करणाऱ्यांची नावं मात्र अनुक्रमाने, स्वच्छ अक्षरात, सदनिका क्रमांकांसकट आहेत. माझं सोळावं आहे.